अहाबाचा सासरा

पवित्र शास्त्रांत कांहीं माणसांचें नांव एकदांच येतें, त्यांच्या तोंडीं एक शब्दहि नसतो, आणि तरी पुढचीं कित्येक पानें त्यांच्या छायेंत लिहिल्यासारखीं वाटतात. सोर नगरीचा राजा एथबाल हा अशांपैकीं होय. पहिल्या राजांच्या पुस्तकांतील सोळाव्या अध्यायांत इस्राएलाचा राजा अहाब यानें सीदोन्यांचा राजा एथबाल याची कन्या ईजबेल हिच्याशीं विवाह केला, एवढाच त्याचा उल्लेख आहे. ईजबेलीचें नांव वर्गांत उच्चारलें कीं, मुलें लागलींच खिडकीची व कुत्र्यांची गोष्ट सांगूं लागतात. तिच्या बापाचें नांव विचारावें, तर वर्ग स्तब्ध. मला मात्र ह्या बापाविषयीं फार दिवसांपासून कुतूहल आहे. कारण मुलगी सासरीं आली ती रिकाम्या हातीं आली नाहीं, आणि तिला पाठविणारा मनुष्यहि सामान्य नव्हता.

सोरच्या राजांची हकीकत इफिसच्या मेनांदर नांवाच्या ग्रंथकारानें लिहिली होती. त्यांतील उतारे योसेफस ह्या यहुदी इतिहासकाराच्या ग्रंथांत राहिले म्हणून आज आपणांस मिळतात. त्यांवरून दिसतें कीं, एथबाल हा मूळचा अस्तार्ते देवीचा पुजारी. फेलेस नांवाच्या मनुष्यानें आपल्या सख्ख्या भावास मारून सोरचें राज्य घेतलें होतें. आठच महिन्यांनीं एथबालानें त्या फेलेसास मारिलें व स्वतः ३२ वर्षें राज्य केलें. हा काळ अभ्यासक इ. स. पूर्वीं सुमारें ८८७ ते ८५६ असा धरितात. पूजेचें तबक आणि राजदंड ज्याच्या हातीं एकत्र आले, त्याच्या घरीं वाढलेल्या मुलीस धर्म निराळा व राज्य निराळें, असें कोणी शिकविलें असेल, हें संभवत नाहीं.

सोर हें त्या काळीं समुद्रांतील बेट होतें. गलबतें, गंधसरूचें लांकूड, शिंपल्यांतील किड्यापासून काढलेला जांभळा रंग आणि कुशल कारागीर, ही त्याची दौलत. परंतु पोटास लागणारें धान्य पिकवावयास पुरेशी जमीन नव्हती. इस्राएलांत गहूं व तेल भरपूर, पण सोरसारखें बंदर नाहीं. शलमोनानेंहि पूर्वीं हीरामास लांकडाच्या मोबदल्यांत दरसाल गहूं व तेल दिलें होतें. अहाबाचा बाप अम्री हा शिपाईगडी. त्यानें दोन किक्कार रुपें देऊन शोमरोनाची टेंकडी विकत घेतली आणि तेथें नवी राजधानी बांधिली. पूर्वेस दमिष्काचे अरामी डोळे वटारून बसलेले. अशा वेळीं समुद्राकांठचा एक धनाढ्य व्याही मिळाला, तर कोणता राजा नाहीं म्हणेल? हा संबंध अम्रीनेंच जुळविला असावा, असें पुष्कळ अभ्यासकांस वाटतें. राजकारणाच्या दृष्टीनें पाहतां त्यांत मूर्खपणा मुळींच नव्हता. किंबहुना तें शहाणपणच होतें, आणि मला भय वाटतें तें ह्या शहाणपणाचेंच.

कारण लांकूड व रंग ह्यांबरोबर देवहि आले. शोमरोनांत बआलाचें मंदिर उभें राहिलें. बआलाचे ४५० व अशेरेचे ४०० संदेष्टे राणीच्या पंक्तीस जेवूं लागले. तरी अहाबानें यहोवाला सोडिलें होतें, असें कोणी समजूं नये. त्याच्या अहज्या व यहोराम ह्या पुत्रांच्या नांवांत यहोवाचेंच नांव गुंफलेलें आहे. आणि त्याचा कारभारी ओबद्या हा यहोवाच्या शंभर संदेष्ट्यांना गुहांत लपवून अन्नपाणी पोंचवीत होता. बापजाद्यांचा देव घरीं आणि सासऱ्याचा देव दरबारीं, असा हा बेत होता. एलीया कर्मेल पर्वतावर लोकांवर रागावला, तो ह्या दुटप्पीपणासाठीं.

त्या अवर्षणाची एक गोष्ट मला मोठी नवलाची वाटते. एलीयानें आश्रय घेतला तो सारफथ गांवीं एका विधवेच्या घरीं. आणि सारफथ हें सीदोन्यांच्या मुलखांतलें, म्हणजे एथबालाच्याच छत्राखालचें! इकडे मेनांदरानेंहि एथबालाच्या कारकीर्दींत एक वर्ष पाऊस पडला नाहीं, व राजानें प्रार्थना केल्यावर मेघ गरजले, असें लिहून ठेविलें आहे. योसेफस तें अवर्षण हेंच समजतो. म्हणजे दोन्ही बाजूंस लोक आकाशाकडे पाहत होते, आणि पाऊस कोणीं दिला ह्याचें श्रेय मात्र निरनिराळ्या पोथ्यांत निरनिराळें नोंदलें गेलें. (आपल्या कुलाब्याकडील बेने इस्राएल लोक ह्या एलीयाच्या नांवानें पोहे, खोबरें व साखर ह्यांचा मलिदा करितात, हें वाचकांपैकीं कित्येकांनीं पाहिलें असेल.)

शास्त्रांत अहाबाच्या हस्तिदंती घराचा उल्लेख आहे. शोमरोन येथें १९३१ ते १९३५ पर्यंत जें उत्खनन झालें, त्यांत हस्तिदंतावरील कोरीव कामाचे पुष्कळ तुकडे निघाले. त्यांची घडण फिनिकी धाटणीची आहे. असें वैभव डोळ्यांस दिसतें. नाबोथाचा द्राक्षमळा उत्खननांत सांपडत नाहीं.

इज्रेल येथें राजवाड्याशेजारीं नाबोथाचा मळा होता. अहाबानें त्यास दुसरा चांगला मळा किंवा रोख पैसा देऊं केला. नाबोथानें वाडवडिलांचें वतन देण्याचें साफ नाकारिलें. राजा घरीं येऊन बिछान्यावर तोंड फिरवून पडला. हें त्याचें रुसणें पोरकट खरें. पण त्यांत एक मोठी गोष्ट आहे. गरिबाचें वतन राजालाहि घेतां येत नाहीं, हें अहाबास ठाऊक होतें. ईजबेलीस तें कळेचना. राजा असून विनवणी कसली? तिनें राजाच्या नांवानें पत्रें लिहिलीं, त्यांवर त्याची मोहोर केली, दोन खोटे साक्षीदार उभे केले, आणि नाबोथ धोंडमार होऊन मेला. एथबालाच्या घरचें राजकारण इस्राएलाच्या शेतांत उतरलें तें असें.

एकदां एका विद्यार्थिनीनें मला विचारिलें, “ईजबेलीला हें लग्न हवें होतें का?” शास्त्रांत तें लिहिलेलें नाहीं. दोन घराण्यांनीं करार केला आणि एक मुलगी परमुलखांत पाठविली. पुढें सर्व दोष तिच्याच माथीं बसला. तिचा अपराध मी लहान मानीत नाहीं. परंतु तीं पत्रें वाचून निमूटपणें न्यायसभा भरविणारे इज्रेलचे वडील जन नाबोथाचे शेजारी होते, परदेशी नव्हते.

ह्या घराण्याचें बळ कांहीं काळ वाढलें. इ. स. पूर्वीं ८५३ मध्यें कर्कारच्या लढाईंत अहाबानें २,००० रथ आणिले, असें त्याचा शत्रु अश्शूरचा राजा शल्मनेसर तिसरा ह्यानेंच कोरून ठेविलें आहे. अहाबाच्या घरची अथल्या यहूदांत राणी झाली, आणि यरुशलेमांतहि बआलाचें मंदिर उठलें. पुढें येहूनें बंड करून सर्वांचा निकाल लाविला. ईजबेलीस खिडकींतून खालीं लोटल्यावर तो आंत जाऊन जेवला, आणि मग, कांहीं झालें तरी ती राजकन्या आहे, तिला पुरा, असें त्यानें सांगितलें. एथबालाची तेवढी आठवण त्याला राहिली होती.

येहूनें बआलाचें मंदिर पाडिलें. सोरशीं असलेला स्नेह तुटला. इ. स. पूर्वीं ८४१ मध्यें तोच शल्मनेसर पुन्हां पश्चिमेस आला. १८४६ सालीं निमरूद येथें सांपडलेल्या काळ्या स्तंभावर येहू किंवा त्याचा खंडणीदार त्याच्यापुढें भुईस कपाळ टेंकून पडलेला कोरला आहे. आणि त्याच राजाच्या दुसऱ्या एका लेखांत, त्या वर्षीं खंडणी देणारांचीं नांवें ओळीनें आलीं आहेत: सोरचे लोक, सीदोनचे लोक, आणि येहू.