शेवटचा मुक्काम मित्राकडे

परदेशातल्या लांबच्या प्रवासाचे शेवटचे दिवस मित्राच्या घरी काढायचे, हा आमच्या पिढीचा शिरस्ता होता. त्यामागे प्रेम होतं, तशी गरजही होती. ऐंशीच्या दशकात सहलीला निघालेल्या भारतीयाला परकीय चलन मोजून मिळायचं, माणशी ५०० डॉलर. तेवढ्यात युरोप बघायचा आणि परतायचं.

१९८८ मध्ये आम्ही मित्रमंडळी युरेल पास घेऊन निघालो. रात्री आगगाडीत झोपायचं, म्हणजे हॉटेलचा खर्च वाचे. दुपारी बागेत बसून पाव आणि चीज. देश बदलला की चलन बदले. लिरा, मार्क, फ्रँक अशी उरलेली नाणी खिशात खुळखुळत राहत. शेवटी पॅरिसहून रेल्वेनं कॅले, फेरीबोटीनं डोव्हर आणि पुन्हा रेल्वेनं लंडनचं व्हिक्टोरिया स्टेशन. एवढ्यात दिवस संपे. फलाटावर आमचा कॉलेजातला मित्र उभा होता. आदल्या दिवशी बूथवरून केलेल्या मिनिटभराच्या फोनवर विसंबून तो तिथे तासभर थांबला होता.

वेम्बलीतल्या त्याच्या छोट्या घरात वहिनींनी पहिल्या रात्री वरण-भात, तूप आणि लिंबाची फोड वाढली. त्यानंतर आम्ही दुसऱ्या दुपारपर्यंत झोपलो. पाठपिशवीतून अख्खा युरोप फिरवून आणलेले दिवाळी अंक आणि मेतकुटाची पुडी त्यांच्या हाती दिली, तेव्हा दोघांचे चेहरे असे उजळले, की वाहिलेल्या ओझ्याचं चीज झालं.

बघण्यासारखं लंडन पुष्कळ होतं, पण ते दिवस गेले बोलण्यातच. पुण्यात कुठलं नाटक जोरात आहे, लक्ष्मी रोडवर काय नवीन, कोणाचं लग्न ठरलं, कोण गेलं, हे सगळं त्याला तपशीलवार हवं असे. त्याच्या आईवडिलांकडे फोन नव्हता. तो रविवारी शेजाऱ्यांकडे फोन करी. खुशाली विचारेपर्यंत वेळ संपे. बाकी भिस्त निळ्या एरोग्रामवर.

निघायच्या आदल्या रात्री सामान भरणं हा सोहळाच होता. विमानात २० किलोची मर्यादा. बॅग हातात घेऊन वजनकाट्यावर उभं राहायचं आणि त्यातून आपलं वजन वजा करायचं. निम्मी बॅग त्याचीच असे: आईसाठी लोकरी कार्डिगन, वडिलांसाठी दाढीचं यंत्र, पत्रांचा जुडगा आणि एक कॅसेट. तीत त्याच्या लेकीनं शुभंकरोती म्हटलं होतं. पुण्यात पोचल्यावर मी आधी त्याच्या घरी गेलो. काकूंनी ती कॅसेट दोनदा ऐकली. मग मला जेवू घालत त्या विचारत राहिल्या, तो बारीक झालाय का, वेळेवर जेवतो का. माझा प्रवास खऱ्या अर्थानं तिथे संपला.

गेल्या वर्षी तोच प्रवास पुन्हा केला. युरोपातल्या बहुतेक देशांना एक शेंगेन व्हिसा पुरला; युरोच्या नोटा-नाणी २००२ पासून चालू आहेत, त्यामुळे बहुतेक ठिकाणी चलन बदलायचं काम उरलं नाही. पॅरिसहून समुद्राखालच्या बोगद्यातून युरोस्टारनं सव्वादोन-अडीच तासांत लंडनच्या सेंट पँक्रसला उतरलो. मी कुठल्या डब्यात आहे, हेसुद्धा मित्राला फोनवर कळलं होतं. पुण्याच्या बातम्या त्याला माझ्याआधी ठाऊक होत्या. कार्डिगन न्यावं असं कोणी उरलं नव्हतं. काका-काकू जाऊन बरीच वर्षं झाली.

तरी शेवटचे दिवस मी त्याच्याकडेच राखून ठेवले होते. दार उघडलं आणि दिसलं, की त्याचा पलंग आता खालच्या खोलीत आला आहे. गुडघ्यांमुळे जिना चढवत नाही. आठवड्याआड आम्ही व्हिडिओ कॉलवर बोलतो. त्या चौकटीत चेहरा दिसतो, जिना दिसत नाही. त्याच्याबरोबर दवाखान्यात गेलो, सावकाश बागेत फिरलो. नातवंडांना मराठी समजतं, पण बोलता येत नाही, याची खंत त्यानं तिथल्या बाकावर बसून सांगितली. पुण्याला परतावं की इथेच राहावं, हा त्याचा प्रश्नही तिथेच निघाला. असं मन फोनवर मोकळं होत नाही. त्यासाठी शेजारी बसावं लागतं आणि हाताशी रिकामा वेळ लागतो.

तेव्हा पैसे नव्हते म्हणून आम्ही मित्राकडे राहिलो आणि त्यातून खूप काही मिळालं. आज पैसे आहेत, विमानतळाजवळ हॉटेलं आहेत, सहल कंपन्यांचं वेळापत्रक शेवटच्या तासापर्यंत भरलेलं असतं. सोय वाढली हे चांगलंच झालं. पण त्या सोयीपायी मित्राचं घर टाळणं हा तोट्याचा सौदा आहे.

तुमचं कोणी परदेशात असेल, तर परतीच्या तिकिटाआधीचे थोडे दिवस कोरे ठेवा आणि त्यांच्या घरी राहा. आणि त्यांचे आईवडील इकडे असतील, तर आल्यावर आधी त्यांना भेटा. व्हिडिओ कॉल रोज होत असले, तरी त्यांना तुम्हाला विचारायचं बरंच असतं.