आबांची गोळी

धंतोलीत दवाखाने इतके, की आमच्याकडे पाहुणासुद्धा रिपोर्ट बगलेत मारूनच येतो! त्यामुळे लेकीने शाळेसाठी 'गोळी किती वेळात विरघळते' हा प्रयोग काढला, तेव्हा मालाची चिंता नव्हती. पेले सारखे, पाणी १०० मिलिलिटर, तापमान पोटाइतकं, म्हणजे ३७ अंश. (मे महिन्यात आमच्या नळाला तेच येतं.) ढवळायला अस्मादिक.

तापाची साधी गोळी १५ मिनिटांच्या आत फुटली. आबांची हृदयाची गोळी मात्र लिंबाच्या रसात तासभर ढिम्म!

"एकीवर भागत नाही, तीन-तीन हव्यात," लेक म्हणाली. आबांनी उदारपणे कपाटातून चार भरलेली पाकिटं काढून दिली.

"एवढी उरली कशी?" सौ.ने विचारलं. घर चिडीचूप.

"विरघळतच नाही, तर काहून गिळू?" आबा पुटपुटले.

लेकीने तीच गोळी उचलून खायच्या सोड्याच्या पाण्यात टाकली. "आबा, जठराला त्रास नको म्हणून वर कवच असतं. ते आम्लाला दाद देत नाही, आतड्यात गेल्यावर सुटतं."

हळूहळू पाणी पांढरं झालं. आबा बघत राहिले. मग त्यांनी मुकाट्याने एक गोळी तोंडात टाकली, वर पाणी प्याले आणि नातीला म्हणाले, "हं, लाव घड्याळ."