लातूरचा वकील

रेणापूर,
१० सप्टेंबर

चि. ताईस,


१७ सप्टेंबरच्या भाषणाचा तुझा मसुदा वाचला. चांगला जमलाय. फक्त निजामाच्या बाजूचे सशस्त्र रझाकार कुठूनतरी बाहेरून आले, असं जे वाटतं ते बदल. त्यांचा म्होरक्या कासीम रझवी आपल्या लातूरचाच वकील. रेणापूरकर ज्या लातूरला बाजाराला आणि कोर्टकचेरीला जातात, तिथलाच.

१५ ऑगस्ट १९४७ ला हैदराबादचा निजाम ना भारतात गेला, ना पाकिस्तानात. त्याचे पंतप्रधान होते छतारीचे नवाब, समजुतीनं घेणारे. २७ ऑक्टोबरला पहाटे त्यांचं शिष्टमंडळ कराराच्या बोलणीसाठी दिल्लीला निघणार, तोच रझवीच्या इत्तेहाद संघटनेच्या जमावानं शिष्टमंडळातल्यांच्या बंगल्यांना वेढा घातला. विमान राहिलं, नवाबांनी राजीनामा दिला. पुढं उद्योगपती मीर लायक अली पंतप्रधान झाले. रझवीकडं मंत्रिपद नव्हतंच, पण कोणी मंत्री राहायचं हे त्याच्या कलानं ठरू लागलं. २९ नोव्हेंबरला भारताशी वर्षभराचा 'जैसे थे' करार झाला, तो दोन्हीकडून कुरबुरीतच गेला.

आता दुसरा माणूस बघ. स्वामी रामानंद तीर्थ मूळचे सिंदगीचे, पण घडले आपल्या मुलखात. हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत शिकवलं, पुढं अंबाजोगाईला. १९३२ ला संन्यास घेतला आणि नंतर हैदराबाद स्टेट काँग्रेसची धुरा वाहिली. खुर्ची त्यांच्याकडंही नव्हती. १५ ऑगस्ट १९४७ लाच निजामानं त्यांना आत टाकलं. एका मुलखातली ही दोन माणसं. एकानं लोकांना भीती दाखवून गोळा केलं, दुसऱ्यानं भीती घालवून. तुझं भाषण याच्यावर उभं राहू दे.

१३ सप्टेंबर १९४८ ला भारताच्या फौजा शिरल्या, १७ ला निजामानं हात टेकले. तेरा महिन्यांचा स्वतंत्र कारभार संपला. इथं टाळ्या पडतील, पण तू थांबू नकोस. त्यानंतर मुसलमानांवर उगवलेल्या सूडाची चौकशी पंडित सुंदरलाल यांच्या समितीनं केली. मृतांचा त्यांचा अंदाज २७ ते ४० हजार. सगळ्यात जास्त झळ बसलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड होते, आणि लातूर तेव्हा उस्मानाबादेतच. लातुरात मारहाण आणि कत्तल वीस दिवसांवर चालली, असं अहवाल सांगतो. रझवीचा राग काढला गेला तो त्याच्या गावच्या कच्छी व्यापाऱ्यांवर आणि गोरगरिबांवर. खुद्द रझवी तुरुंगातून १९५७ ला सुटून पाकिस्तानात गेला.

आणि शोएबुल्ला खान यांचं नाव विसरू नकोस. 'इमरोज' पत्राचे संपादक. भारतात विलीन व्हा असं उघड लिहिलं, म्हणून ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत रस्त्यावर त्यांचा खून झाला. सगळे मुसलमान रझाकारच होते, असं सभेत कुणी म्हणालंच तर याहून चोख उत्तर दुसरं नाही.

पाच मिनिटांत एवढं बसतं. आवाज मात्र चढवू नकोस.

कळावे,
तुझा मामा