शेजारच्या आक्कांची भजनं

लग्न होऊन बेळगावला आले तेव्हा भिंतीला भिंत लागून एक मराठी ख्रिस्ती कुटुंब राहत होतं. घरातल्या म्हाताऱ्या बाईंना सगळी गल्ली आक्का म्हणायची, मीही म्हणू लागले. रविवारी संध्याकाळी त्यांच्याकडे पेटी, तबला, टाळ निघायचे. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं, वारकऱ्यांचं भजन बसलंय. चाल अभंगाची, वळण अभंगाचं, नाव तेवढं येशूचं!

आमच्या घरी त्याचं फार कौतुक होतं असं नाही. सासूबाई म्हणायच्या, "त्यांचं त्यांना, आपलं आपल्याला." वाटीभर साखर इकडची तिकडे जायची. शिजवलेलं मात्र नाही.

माझं पहिलं बाळ सातव्या महिन्यात पोटातच गेलं. भेटायला येणाऱ्या बायका एकच सांगायच्या, "कर्माचा उदय गं बाई, कुणाला चुकलाय?" खोटं नव्हतं ते. लहानपणापासून मीही तेच शिकले होते. बांधलेलं कर्म ज्याचं त्यानं भोगायचं, मधे कुणी येत नाही. तीर्थंकरसुद्धा वाट दाखवतात, उचलून नेत नाहीत. एरवी मला या विचाराचा अभिमानच वाटतो. पण त्या दिवसांत 'कर्म' म्हटलं की वाटायचं, सगळ्या माझ्याकडेच बोट दाखवतायत. णमोकार ओठांवर होता, मन त्यात बसत नव्हतं.

एका दुपारी आक्का आल्या. काही विचारलं नाही. माझ्यामागे बसून केसांना तेल लावू लागल्या आणि गुणगुणू लागल्या. सगळे शब्द काही कळले नाहीत. पण त्यात कुठं हिशेब नव्हता. थकलेल्या माणसाबरोबर कुणीतरी चालतंय, हात सोडत नाही, एवढंच होतं. बाळ गेल्यापासून पहिल्यांदा मी मोठ्यानं रडले. आक्का गायच्या थांबल्या नाहीत, तेलाचा हातही थांबला नाही.

पुढं कधीतरी विचारलं, "आक्का, ते गाणं कुणाचं हो?"

"टिळकांचं."

मी आपली लोकमान्य समजले! त्या खूप हसल्या. "अगं, रेव्हरंड टिळक. नारायण वामन."

शाळेत पाठ केलेली 'केवढे हे क्रौर्य' त्यांचीच, हे तेव्हा ध्यानात आलं. रक्तबंबाळ होऊन पिलांकडे परतणारी ती पक्षीण! जैनांच्या पोरीला ती कविता वेगळी शिकवावी लागत नाही. टिळक 1895 साली ख्रिस्ती झाले, पण अभंग-ओवी त्यांनी सोडली नाही. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो, असं ते म्हणत. आक्कांच्या 'उपासना संगीता'त त्यांची पुष्कळ गाणी होती. त्यांच्या धर्मांतरानं लक्ष्मीबाईंना काय सोसावं लागलं, तेही 'स्मृतिचित्रां'त वाचलं. त्यामुळं टिळकांवर माझा थोडा राग आहे तो आहेच. गाण्यांवर नाही.

मी काही धर्म बदलला नाही, तसं मनातही आलं नाही. उलट भक्तामर पुन्हा म्हणायला बसले तेव्हा वाटलं, बेड्यांत अडकलेले मानतुंग आचार्य आदिनाथांना आळवतात, तेही काही हिशेब मांडत नाहीत. इतकी वर्षं नुसतं पाठ म्हणत होते मी.

सासूबाई शेवटी अंथरुणाला खिळल्या. खोली आक्कांच्या घराच्या बाजूची. रविवारी संध्याकाळ झाली, पलीकडे पेटीचा सूर लागला, की हळूच म्हणायच्या, "ती खिडकी उघड गं जरा. उकडतंय."

ऐन थंडीतसुद्धा म्हणायच्या.