राजाचं निशाण, डोंगरावरची देवी

मिंग राजवटीचा तास चालू होता. युंग-लो बादशहाने 1402 मध्ये सख्ख्या पुतण्याकडून चीनचं तख्त हिसकावलं आणि 1412 पासून वूडांगच्या डोंगररांगेत ताओ पंथाच्या देवळांचं प्रचंड काम काढलं, इथवर मी आलो होतो. सर्वांत उंच शिखरावरचं सोन्याच्या मुलाम्याचं कांस्यमंदिर 1416 चं. तख्त बळकावलेल्या राजाला डोंगरावरच्या देवाची साक्ष हवी होती, असं मी सांगत होतो. मागच्या बाकावरून जव्हारकडची एक विद्यार्थिनी म्हणाली, "सर, आमच्याकडेही राजाचं निशाण डोंगरावरच्या देवीला जातं."

तास संपला तरी ते वाक्य डोक्यातून जाईना. जव्हार संस्थानाचा इतिहास हा माझा जुना नाद. ठाण्याच्या 1882 च्या गॅझेटियरमधली जव्हारची पानं मी किती वेळा चाळली असतील! पण त्या पानांना असं डोंगराच्या बाजूने कधी वाचलं नव्हतं. फाल्गुन संपायच्या आत आमच्या इतिहास मंडळाची सहल ठरली. मला शिकवलेले, आता निवृत्त झालेले सरही आग्रह केल्यावर यायला तयार झाले.

नाशिकहून निघून त्र्यंबकला आम्ही चहापुरते थांबलो. ब्रह्मगिरी बसमधूनच दाखवला. गहिनीनाथांनी निवृत्तिनाथांना याच डोंगरातल्या गुहेत उपदेश केला, अशी परंपरा आहे. श्वास आवरून गुहेत बसणारा नाथजोगी वूडांगच्या ताओ साधूला परका वाटला नसता, असं मी म्हणालो. सर नुसतेच हसले. तोरंगणचा घाट उतरलो आणि झाडी बदलली. पळस फुलून गेला होता, मोहाखाली बाया-पोरं टोपल्या घेऊन वाकलेली होती.

जव्हारमध्ये हनुमान पॉइंट, सनसेट पॉइंट, जयविलास राजवाडा हे सगळं एका दुपारी उरकलं. यशवंतराव मुकण्यांचा तो राजवाडा देखणा आहे, मुलांनी भरपूर फोटो काढले. शिरपामाळावर मात्र रेंगाळलो. 1664 च्या जानेवारीतल्या सुरतेच्या लुटीसाठी निघालेल्या शिवाजी महाराजांची आणि जव्हारच्या विक्रमशहाची भेट इथली. पण मला मुलांना सांगायची होती ती हकिकत त्याच्याही तीन शतकं आधीची.

जव्हार आधी एका वारली राजाचं होतं. थळ घाटाजवळच्या मुकणे गावी मातीची गढी बांधून राहणारा एक कोळी सरदार होता, जयबा मुकणे. गॅझेटियर त्याला पौपेरा म्हणतं. पिंपरीच्या देवस्थानी पाच गोसाव्यांनी त्याला जव्हारचा राजा होशील असा आशीर्वाद दिला. माणसं जमवून तो पेठ, धरमपूर करत काठेवाडापर्यंत गेला, सात वर्षं तिकडेच राहिला. परत आल्यावर वारली राजाकडे त्याने एका बैलाच्या कातड्याखाली मावेल एवढी जमीन मागितली. राजाने होकार दिला. जयबाने कातड्याच्या बारीक वाद्या कापल्या, एकीला एक जोडल्या आणि सगळं राज्य त्यांच्या वेढ्यात आलं. वारली राजाला गंभीरगड आणि भोवतालचा मुलूख मिळाला. जयबाचा मुलगा नेमशहा. त्याला दिल्लीच्या सुलतानाने राजा ही पदवी दिली. 5 जून 1343 पासून जव्हारचा स्वतःचा शक सुरू झाला आणि गॅझेटियर लिहिलं गेलं तेव्हाही संस्थानच्या कागदांवर तोच शक घातला जात होता.

"ही गोष्ट भटकी आहे," सर म्हणाले. "कार्थेज वसवणाऱ्या डायडोचीही हीच गोष्ट. मलाक्क्यात पोर्तुगीजांबद्दल हीच सांगतात. तुझ्या त्या मिंग इतिहासातही लुझोन बेटावर उतरलेल्या फिरंग्यांच्या नावावर हीच आहे. यातून इतिहास काय काढणार?"

भटकी आहे हे मला मान्यच आहे. पण मलाक्का आणि लुझोनच्या गोष्टीत परक्याने कसं फसवलं हे सांगितलेलं असतं. ती हरलेल्यांच्या बाजूची तक्रार असते. जव्हारची गोष्ट कोळ्यांच्या तोंडची, म्हणून गॅझेटियरने नोंदवली आहे. म्हणजे जिंकणाराच सांगतो की ही भूमी आधी दुसऱ्याची होती आणि मी ती युक्तीने घेतली. एवढंच नाही, त्या दुसऱ्याला मी गंभीरगड दिला हेही तो विसरत नाही. पिढ्यान् पिढ्या राज्य केलेल्या घराण्याच्या आठवणीत हे टिकून राहिलं, याला मी पुरावा मानतो. कातडं खोटं असेल. पण आधीच्या मालकाला मान देण्याची गरज खरी होती. आणि त्या मालकाला या हकिकतीत नाव नाही, हेही मुलांनी वहीत लिहून घ्यावं असा मी आग्रह धरला.

मुक्कामाला घेतलेल्या लॉजवर संध्याकाळीच टाकी कोरडी पडली. पैसे पूर्ण घेतले होते, पाण्याचं मात्र कुणी बोललं नव्हतं. मुलींनी रात्री हातपंपावरून बादल्या आणल्या. संताप आला, पण लॉजमालकावर तो किती काढायचा? शेजारच्या मोखाडा तालुक्यात कोचाळ्याला मध्य वैतरणा धरण उभं आहे. शंभर मीटरहून उंच असलेल्या त्या भिंतीमागचं पाणी मुंबईला जातं आणि धरणाच्या भोवतालच्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतात. 1992 साली वावर-वांगणीची मुलं कुपोषणाने दगावली, तेव्हा सगळ्या महाराष्ट्राला जव्हार हे नाव कळलं. ते वर्ष सहलीला आलेल्या एकाही मुलाला ठाऊक नव्हतं. बादल्या भरून झाल्यावर पंपाशीच उभं राहून मी ते सांगितलं.

सकाळी दाभोसा धबधब्याचा बेत होता. मुलांनीच तो मोडला. त्यांना वाघोबा बघायचा होता. मोखाड्याच्या रस्त्यालगत झाडाखाली तो होता: कमरेएवढा उभा दगड, त्यावर शेपटी वर केलेला वाघ कोरलेला, माथ्यावर एकीकडे सूर्य, दुसरीकडे चंद्र. शेंदराचे थर इतके चढले होते की वाघाचे पाय बोटांनी चाचपूनच कळत. पायथ्याशी नारळाच्या करवंट्या, वाळलेली फुलं, कोंबडीची पिसं. एका म्हाताऱ्या बाबांनी आम्हाला चपला काढायला लावल्या. देवाला छप्पर का नाही, असं एका मुलाने विचारलं. बाबा म्हणाले, "वाघाला घरात कोण ठेवील, पोरा? त्याचा डोंगर हाय ना."

मुंबई-ठाणे-पालघर पट्ट्यात वाघोबाची सुमारे दीडशे ठाणी अभ्यासकांनी नोंदवली आहेत. तो अभ्यास 2021 मध्ये प्रसिद्ध झाला. पट्टेरी वाघ इथून गेला, बिबळ्या राहिला, आणि वाघबारशीची पूजा चालूच आहे. वूडांगला बादशहाची आज्ञा आणि लाखो हात लागले. इथे एका दगडाने भागतं, आणि या दगडाला कुठल्याच राजाची सनद लागलेली नाही.

तिथून जव्हारला न थांबता बस थेट गंभीरगडाकडे घेतली. वेळापत्रकात तो गड कुठेच नव्हता. चढायला ऊन फार होतं. पायथ्याच्या सावलीत बसलो आणि निशाणाचा वाद तिथे रंगला.

डहाणूजवळ विवळवेढ्याची महालक्ष्मी ही वारली, कोकणा, कोळी अशा सगळ्यांची देवी. चैत्री पौर्णिमेला तिची जत्रा भरते. मध्यरात्री वाघाडी गावचा पुजारी अवघड सुळक्याच्या डोंगरावर एकटा चढतो आणि ध्वज लावतो. तो ध्वज जव्हारच्या मुकणे घराण्याकडून यायची परंपरा आहे. सरांच्या मते हा साधा राजाश्रय: राजे देवस्थानांना वस्त्रं देतात, तसंच हे. मी म्हणालो, मग राजाची माणसं वर का जात नाहीत? निशाण राजाचं, पण ते रोवायचा हक्क वाघाडीच्या पुजाऱ्याचा. राजाने द्यायचं आणि डोंगराच्या माणसाने ते देवीपाशी पोचवायचं, यात मला कातड्याच्या गोष्टीचाच दुसरा अर्धा भाग दिसतो. जमीन घेतलेला राजा दर वर्षी त्या जमिनीच्या देवीकडून मान्यता मागतो. युंग-लोने वूडांगवर हेच केलं. फरक इतकाच की देवळात घडणारं सगळं त्याने आपल्या हाती ठेवलं, मुकण्यांना ते ठेवता आलं नाही.

"ही परंपरा किती जुनी, त्याचा कागद दाखव," सर म्हणाले.

"कागद राजवाड्यात तयार होतात, सर. वारल्यांकडे कुठून असणार?"

"म्हणून काय आपण वाटेल ते लिहायचं?"

हा प्रश्न त्यांनी गंभीरपणे विचारला होता आणि मुलं कान देऊन ऐकत होती. उत्तर जव्हारच्या त्या विद्यार्थिनीने काढलं. तिच्या आत्याचं सासर वाघाडीजवळ आहे. चैत्री पौर्णिमेला तिथे जायचं, ध्वज वर नेणाऱ्या घरातल्या जाणत्या माणसांना विचारायचं आणि सांगतील ते त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्यायचं, असं ठरलं. सरांनी एकच अट घातली: राजा हा शब्द आपण आधी उच्चारायचा नाही, तो त्यांच्या तोंडून येतो का ते बघायचं. अट मला पटली, आणि तारीख ठरवूनच आम्ही बसमध्ये बसलो.