फ्लाजोले

नामसाम्यावरून नाते जोडण्याची मनुष्यास मोठी हौस असते. फ्रेंच भाषेत ‘फ्लाजोले’ हे एका द्विदल धान्याचे नाव आहे आणि एका लहानशा सुषिर वाद्याचेही. धान्य म्हणजे आपल्या फरसबीचाच जातभाई. त्याच्या शेंगा पुऱ्या पिकण्यापूर्वीच काढून वाळवितात, त्यामुळे दाण्याचा फिका हिरवा रंग टिकून राहतो. वाद्य म्हणजे वीत-दीड वीत लांबीचा पावा. धान्याचे नाव घेवड्याच्या लॅटिन नावावरून आले व वाद्याचे ‘फ्लाजोल’ या जुन्या फ्रेंच शब्दावरून. उच्चार जवळ जवळ येत दोन्ही एक झाली. म्हणजे नाव एक असले, तरी गोत्रे निराळी!

असे असूनही दोघांत एक गुण समान आहे. दोन्ही घरगुती आहेत. आपल्या अलगुजाप्रमाणे या पाव्याच्या तोंडाशीच सुराची सोय केलेली असते. बासरीसाठी ओठांची जी साधना लागते, ती येथे लागत नाही. फ्रेंच घडणीच्या वाद्यास पुढे चार व मागे अंगठ्यांसाठी दोन अशी सहा छिद्रे असतात. इंग्लंडातील आरमार खात्याचा अधिकारी सॅम्युएल पेपिस, ज्याची रोजनिशी पुढे प्रसिद्धीस आली, हे वाद्य हौसेने वाजवीत असे. १६६७ साली त्याने पत्नीसही ते शिकविण्यासाठी घरी शिक्षक ठेविला. पाळीव पक्ष्यांस सुरावटी शिकविण्याच्या कामीही हे वाद्य लोक वापरीत. त्यासाठी रचलेल्या सुरावटींचे पुस्तक १७१७ मध्ये लंडनला निघाले.

परंतु आम्हांस या वाद्याची आठवण होते ती फ्रान्समधील एका डॉक्टरच्या घरामुळे. तेथे १८०३ साली हेक्टर बर्लिओझचा जन्म झाला. बालपणी त्याला एका खणात पडलेला फ्लाजोले सापडला. तो वेडावाकडा फुंकून त्याने घर डोक्यावर घेतले, तेव्हा वडिलांनीच त्याला बोटे कशी ठेवावी हे दाखविले. पुढे मुलगा बासरी व गिटारही शिकला. वडिलांना त्याचे कौतुकच होते. मात्र १८२१ साली त्याला पॅरिसला पाठविले, ते वैद्यक शिकण्यासाठी. त्याने वैद्यक सोडून संगीत धरले, तेव्हा त्याच वडिलांनी मदतीचा हात आखडता घेतला. १८३० साली त्याच मुलाची ‘सिंफनी फांतास्तिक’ पॅरिसमध्ये प्रथम वाजली.

या वडिलांस खलपुरुष ठरविणे सोपे आहे, पण न्याय्य नव्हे. त्यांची भीती खोटी नव्हती. एवढा मोठा संगीतकार होऊनही बर्लिओझला पोटासाठी वर्षानुवर्षे वृत्तपत्रांत संगीतपरीक्षणे लिहावी लागली, आणि त्या कामाचा त्याला मनस्वी कंटाळा असे. मुलाचे पोट भरावे असे कोणत्या बापास वाटत नाही?

आमच्याही सुशिक्षित घरांतून हीच रीत आहे. मुलाने गावे, पण गवई होऊ नये. वाजवावे, पण वाजंत्री होऊ नये. आमचा पुतण्या सहा वर्षे तबला शिकत आहे. यंदा त्याचे बारावीचे वर्ष असल्याने तबला माळ्यावर टाकावा काय, याचा खल घरात चालू आहे. ज्यांनी त्याला पहिला ठेका हातावर धरून दाखविला, तेच आमचे थोरले बंधू आज तबला बंद करण्याच्या पक्षाचे आहेत. वहिनी काही बोलत नाहीत, आणि मुलाला अद्याप कोणी विचारलेलेच नाही.

आमचे मत मागितले गेले आहे, ते असे. तो बर्लिओझ होईल, असा आमचा मुळीच दावा नाही. बहुधा तो चारचौघांसारखी नोकरीच करील. पण पेपिसही नोकरीच करीत होता, आणि संध्याकाळी घरी येऊन वाजवीत होता. मुलाला आधी विचारावे, अभ्यासाच्या वेळा नेमून द्याव्या, आणि तबला खालीच राहू द्यावा.