माथ्यावरून सोडलेल्या गाड्या

रात्री क्रिस बर्डन या कलाकाराच्या 'मेट्रोपोलिस टू' या शिल्पाचा व्हिडिओ पाहत बसले. लॉस एंजेलिस काउंटी कला संग्रहालयातलं हे छोटं शहर २०१० मधलं. उंच इमारतींमधून वळणं घेत जाणारे रस्ते आणि त्यांवर सुमारे १,१०० चिमुकल्या गाड्या. चुंबकांचा पट्टा त्यांना ओढून चढाच्या माथ्यावर नेतो. पुढे निव्वळ उतार. एकाही गाडीत ना इंजिन, ना चालक. तरी रहदारी अगदी ओळखीची: तीच दाटी, तीच घाई. आवाज तर असा, की शेवटी मी तो बंदच केला.

मी अडकले ती मधोमध उभ्या असलेल्या माणसापाशी. कुठे गाड्या तुंबल्या की हा हात घालून मोकळ्या करतो. एवढ्या यंत्राला माणूस लागतोच, याचं का कोण जाणे, बरं वाटलं. गर्दी काहीतरी ठरवून वागते, असं मी धरून चालते. इथे तर कोणीच काही ठरवलेलं नाही, आणि तरी पाहताना घाईत असलेली माणसंच दिसत राहतात. सकाळी सिग्नल हिरवा होण्याआधीच हॉर्न वाजवणारे आम्ही तरी काय ठरवून वाजवतो?

एकच गोष्ट मात्र पटली नाही. इथे कोणी कोणाला ओव्हरटेक करत नाही.